धर्मादाय निधी आणि शहराच्या दारी आलेला रुग्ण

मुंबईच्या परळ भागात हाकेच्या अंतरावर चार मोठी रुग्णालये उभी आहेत. राजे एडवर्ड स्मारक म्हणजेच केईएम रुग्णालय, टाटा स्मारक रुग्णालय, नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय. सकाळच्या वेळी या रस्त्याने जाणाऱ्यास एक दृश्य हमखास दिसते. रात्रीच्या गाडीने किंवा एस.टी.ने आलेली माणसे पदपथावर बसलेली असतात. जवळ एक वळकटी, पाण्याची बाटली आणि पिशवीत काळजीपूर्वक गुंडाळून ठेवलेले तपासणीचे कागद. कोणी मराठवाड्यातून आलेले असते, कोणी कोकणातून, कोणी परप्रांतातून. रोगाचे नाव त्यांना कळलेले असते. त्यावर मुंबईत उपचार होतो, हेही कोणीतरी सांगितलेले असते. त्या उपचारासाठी पैसा कोठून उभा करावा, हे मात्र बहुधा कोणी सांगितलेले नसते. म्हणून गावाकडे जमिनीचा तुकडा विकण्याची किंवा घरातील सोने गहाण टाकण्याची बोलणी सुरू झालेली असतात.

याच शहरात रुग्णांच्या, निराधार कुटुंबांच्या व लोकोपयोगी कार्याच्या साहाय्यासाठी ठेवलेले असंख्य धर्मादाय निधी आहेत. काही शंभर वर्षांहून जुने आहेत, काही अलीकडचे आहेत, तर एक मोठा निधी न्यायालयाच्या आदेशातून निर्माण झालेला आहे. निधी आहे आणि गरजू माणूसही आहे. या दोहोंची गाठ वेळेवर पडत नाही, ही खरी अडचण आहे. ती दूर करण्याचे सामर्थ्य शासकीय अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्या हाती कसे आहे, याचा विचार करण्यापूर्वी हे निधी कसे उभे राहिले, हे थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल.

प्रत्येक सौद्यातील एक वाटा

धर्मादाय म्हणजे धर्मकार्यासाठी बाजूला काढलेला भाग. व्यापारी पेढ्यांवर फार पूर्वीपासून अशी प्रथा होती की, प्रत्येक सौद्याच्या रकमेवर एक अल्पसा आकार घ्यावयाचा, तो खातेवहीत धर्मादाय म्हणून वेगळा जमा करावयाचा आणि सत्कार्यास लावावयाचा. मुंबईतील पांजरपोळ १८३४ साली स्थापन झाली, तेव्हा तिच्या खर्चाची तरतूद अशाच रीतीने झाली. कापूस, अफू, साखर इत्यादी मालाच्या व्यवहारावर व्यापाऱ्यांनी स्वखुशीने ‘लाग’ बसवून घेतला. एका सौद्यातील वाटा नगण्य असे, परंतु सौदे अखंड चालत असल्याने ओघही अखंड राहिला.

त्या संस्थेच्या प्रवर्तकांपैकी एक सर जमशेटजी जीजीभाय हे होते. त्यांचा जन्म १७८३ चा. लहान वयात आईवडिलांचे छत्र हरपलेल्या या माणसाने चीनशी होणाऱ्या कापसाच्या व अफूच्या व्यापारात अमाप संपत्ती मिळविली. त्या व्यापाराविषयी आजची दृष्टी निराळी असणे स्वाभाविक आहे, परंतु त्या संपत्तीतून शहराला जे मिळाले ते आजही उभे आहे. गोरगरिबांसाठी रुग्णालय व्हावे म्हणून त्यांनी १८३८ साली एक लाख रुपये देऊ केले आणि कंपनी सरकारनेही आपला वाटा उचलावा, अशी योजना पुढे ठेवली. १८४५ च्या मे महिन्यात जे.जे. रुग्णालय सुरू झाले. त्याच्या जोडीला ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. त्याच वर्षी जमशेटजींच्या पत्नी आवाबाई यांच्या देणगीतून बांधलेला माहीम व वांद्रे यांना जोडणारा बांधमार्ग खुला झाला. त्या मार्गाने जाणाऱ्यांकडून कोणताही पथकर घेऊ नये, ही त्या देणगीची अट होती. देणगी देतानाच तिचा लाभ कोणाला व कोणत्या अटीवर मिळावा, हे ठरवून ठेवण्याची दृष्टी या दोन्ही कामांत दिसते.

एका दात्याकडून अनेकांच्या निधीकडे

रुग्णालये झाली तरी पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेण्यास त्या काळच्या स्त्रिया तयार नसत. बाळंतपणात व दुखण्यात कित्येक जिवांचा अंत घराच्या चार भिंतींच्या आतच होत असे. ही अडचण ओळखून सोराबजी शापूरजी बंगाली आणि अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज यांनी भारतीय स्त्रियांसाठी एक वैद्यकीय निधी उभारला. इंग्लंडहून स्त्री-डॉक्टर आणाव्यात व त्यांना निश्चित वेतनाची हमी द्यावी, हा त्याचा एक प्रमुख उद्देश होता. त्यानुसार डॉ. एडिथ पिची १८८३ मध्ये मुंबईत आल्या. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी इमारतीसाठी देणगी दिली, सरकारने जागा दिली आणि १८८६ साली स्त्रियांसाठी व मुलांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. याच वर्षी डॉ. आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळविली होती, ही गोष्ट मराठी वाचकास सहज आठवेल.

या प्रयत्नाचा विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. एका धनिकाने इमारत दिली, परंतु त्या इमारतीत काम करावयास योग्य माणूस यावा म्हणून अनेकांनी मिळून निधी दिला. इमारतीचा खर्च एकदा होतो, आजार रोजचा असतो. औषध, पथ्य, परिचर्या, रुग्णाचा प्रवास आणि घरी राहिलेल्या मुलाबाळांचे पोट हे खर्च इमारतीवर कोरलेल्या नावातून भागत नाहीत. त्यासाठी वाहता निधी लागतो.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी कापडगिरण्यांमुळे परळ, लालबाग, भायखळा या भागांत कामगारांची दाट वस्ती झाली. १८९६ च्या प्लेगने या वस्तीतील दाटी आणि अस्वच्छता उघड्यावर आणली होती. आजारी माणसाला केवळ औषध देऊन भागत नाही, त्याच्या घराकडे व वस्तीकडेही पाहिले पाहिजे, ही जाणीव यातून वाढत गेली. १९०८ साली मुंबईत सेवासदनाची स्थापना झाली आणि पुढील वर्षी रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यास तसेच कार्य सुरू झाले. नामदार गोखले यांच्या भारत सेवक समाजातील ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन करून कामगार वस्तीत रात्रीच्या शाळा, वाचनालये आणि दवाखाने चालविले. या कामास लागणारा पैसा वर्गणी आणि देणग्या यांतूनच येत असे.

१९२६ साली याच भागात दोन मोठी रुग्णालये सुरू झाली. वाडिया कुटुंबाच्या देणगीतून प्रसूतिगृह निघाले आणि तीन वर्षांनी त्याच्या शेजारी बालरुग्णालय आले. महानगरपालिकेचे केईएम रुग्णालय आणि त्यास जोडून शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय हेही त्याच वर्षी सुरू झाले. या महाविद्यालयासाठी मोठी देणगी देणाऱ्या विश्वस्तांनी एक अट घातली होती. सरकारी नोकरीत नसलेल्या पात्र भारतीय डॉक्टरांनाच तेथे नेमावे, अशी ती अट होती. त्या पारतंत्र्याच्या काळात एका धर्मादाय देणगीने भारतीय वैद्यकशास्त्रज्ञांना हक्काचे व्यासपीठ मिळवून दिले, हे तिचे मोल रुपयांत मोजता येणार नाही. डॉ. आनंदराव नायर यांनी आपल्या आईच्या नावे उभारलेले रुग्णालय १९४६ साली महानगरपालिकेकडे आले. दात्याने बीज पेरावे आणि पुढे सार्वजनिक तिजोरीने त्याचे संगोपन करावे, असा हा क्रम मुंबईत अनेकदा दिसून येतो.

भेद न पाहणारा विश्वस्तलेख

मुंबईतील बरेचसे जुने निधी विशिष्ट ज्ञातीसाठी किंवा पंथासाठी ठेवलेले होते. ज्या काळी शहरात नव्याने आलेल्या माणसाला ज्ञातीखेरीज दुसरा आधार नव्हता, त्या काळी हे स्वाभाविकच होते. परंतु रोग ज्ञाती पाहून येत नाही. सर दोराबजी टाटा यांनी १९३२ साली आपली संपत्ती विश्वस्तांच्या स्वाधीन केली, तेव्हा स्थळ, राष्ट्रीयत्व किंवा धर्म यांचा भेद न करता तिचा विनियोग व्हावा, असे विश्वस्तलेखात नमूद केले. त्यांच्या पत्नी मेहेरबाई यांचे आदल्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले होते. या विश्वस्तनिधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे सोपविण्यात आले. आज देशाच्या कानाकोपऱ्यातून कर्करोगाचे रुग्ण तेथे येतात.

याच विश्वस्तनिधीतून १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देणारी एक शाळा निघाली. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून नावारूपास आली. १९४६ साली जे.जे. रुग्णालयात देशातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. या नेमणुकीचे महत्त्व फार मोठे आहे. डॉक्टर रोग पाहतो, समाजसेवक रोग्याचे घर पाहतो. घरात मिळवते कोण आहे, मुले कोणाकडे ठेवली आहेत, गावी परत जाण्यास गाडीभाडे आहे की नाही, हे विचारणे त्याचे काम. आणि निधी ज्या पेटीत आहे त्या पेटीपर्यंत रुग्णाचा कागद पोहोचविणे, हेही त्याचेच काम. शासकीय व महानगरपालिकेच्या रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी ‘पुअर बॉक्स’ या नावाने ओळखला जाणारा निधी असतो. रुग्णालयाच्या भांडारात नसलेले औषध किंवा साधन त्यातून घेऊन देता येते.

रुग्णाबरोबर आलेल्या माणसांचा प्रश्न याहूनही अवघड असतो. कर्करोगाचा उपचार महिनोन्महिने चालतो. एवढे दिवस राहावयाचे कोठे आणि जेवावयाचे काय? ही गरज ज्यांनी फार पूर्वी ओळखली त्यांत संत गाडगे महाराजांचे नाव अग्रभागी आहे. खापराचे भांडे आणि खराटा एवढीच ज्यांची मालमत्ता होती, त्या या लोकसंताने लोकांकडून मिळालेल्या पैशातून जागोजागी धर्मशाळा बांधविल्या. त्यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेची दादर येथील धर्मशाळा आज कर्करोगाच्या रुग्णांना व त्यांच्या नातेवाइकांना अल्प खर्चात निवारा देते. परळ येथील नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदनही असेच कार्य करते. कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांना उपचार संपेपर्यंत विनामूल्य राहण्याची सोय करणारी सेंट ज्यूड ही संस्था २००६ साली मुंबईत सुरू झाली. निवाऱ्याअभावी उपचार अर्धवट टाकून गावी परतणाऱ्या कुटुंबाला अशा खोलीचे मोल औषधाइतकेच असते.

कायद्याची चौकट

दानाचा पैसा एकदा दिला की तो दात्याचा राहत नाही आणि विश्वस्ताचाही होत नाही. तो ज्या कारणासाठी दिला त्या कारणाचा होतो. हे तत्त्व मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० या कायद्याने दृढ केले. या कायद्याचे नाव २०१२ साली महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम असे करण्यात आले. त्याखाली प्रत्येक सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात व्हावी लागते. विश्वस्तांची नावे आणि मिळकतीचा तपशील नोंदवहीत लिहिला जातो. हिशेब ठेवावे लागतात व ते तपासून घेऊन सादर करावे लागतात. विश्वस्तव्यवस्थेची स्थावर मिळकत परवानगीवाचून विकता येत नाही. मूळ उद्देश कालबाह्य झाला किंवा पार पाडणे अशक्य झाले, तर तो पैसा त्याच्या शक्य तितक्या जवळच्या दुसऱ्या कार्यास लावण्याची तरतूदही या कायद्यात आहे.

या कायद्याचे चोपन्नावे कलम पेढ्यांवरील त्या जुन्या प्रथेची आठवण ठेवते. व्यवहारात रूढीने किंवा कराराने धर्मादाय म्हणून जी रक्कम आकारली जाईल, ती आकारणाऱ्याकडे विश्वस्त या नात्याने राहील, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे व्यापाऱ्याच्या खातेवहीतील धर्मादायाची रक्कम ही त्याची मिळकत नव्हे, ती त्याच्याकडे ठेवलेली लोकांची ठेव आहे.

स्वातंत्र्यानंतर धर्मादाय विश्वस्तव्यवस्थांनी चालविलेली अनेक रुग्णालये मोठी झाली. त्यांना जमिनीच्या, करांच्या व अन्य स्वरूपाच्या सवलती मिळाल्या. परंतु त्यांतील काहींच्या दारात सामान्य माणसाला पाऊल टाकणे कठीण होऊ लागले. सवलत समाजाने द्यावी आणि उपचार मात्र समाजातील दुर्बलाला मिळू नये, ही विसंगती दूर करण्यासाठी १९८५ साली या कायद्यात ४१-कक हे कलम घालण्यात आले. त्यानुसार राज्याचे साहाय्य घेणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांनी शेकडा १० खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि शेकडा १० खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या आहेत.

तरतूद झाली, परंतु तिचा अंमल कसा व्हावा यावर मतभेद राहिले. अखेर मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात एक सविस्तर योजना मंजूर झाली आणि १ सप्टेंबर २००६ पासून ती लागू करण्यात आली. या योजनेचा गाभा एका निधीत आहे. प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाने इतर रुग्णांच्या एकूण देयकांच्या शेकडा २ इतकी रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ या स्वतंत्र खात्यात जमा करावयाची व ती केवळ निर्धन आणि दुर्बल रुग्णांच्या उपचारावर खर्च करावयाची. १८३४ सालच्या व्यापाऱ्यांच्या ‘लागा’शी याचे साम्य सहज लक्षात येण्यासारखे आहे. मात्र त्या काळी जे स्वखुशीवर अवलंबून होते ते आता कायद्याचे बंधन झाले आहे. त्यामुळे या निधीतून उपचार घेणारा रुग्ण कोणाच्या उपकाराखाली नाही. तो त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या वाट्यातून घेत आहे.

रुग्णास काय मिळते

या योजनेचा तपशील प्रत्येक ग्रामपंचायतीत माहीत असावयास हवा. निर्धन रुग्णास खाट, तपासणी, डॉक्टरांची सेवा इत्यादी गोष्टी विनामूल्य मिळावयाच्या असतात. औषधे, एकदाच वापरावयाचे साहित्य आणि शरीरात बसवावयाची साधने यांचा खर्च निर्धन रुग्ण निधीतून भागविला जातो. दुर्बल घटकांतील रुग्णास सवलतीचा दर लागू होतो. औषधे व साधने यांच्या देयकाचा किमान निम्मा भाग त्याने द्यावयाचा असतो आणि उरलेला भाग निधीतून जातो. तातडीच्या प्रसंगी रुग्णास ताबडतोब दाखल करून घेऊन त्याचा जीव वाचविण्यास आवश्यक ते उपचार करणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. अशा वेळी अनामत रकमेसाठी अडवून धरता येत नाही.

पात्रता कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नावरून ठरते. ही उत्पन्नमर्यादा वेळोवेळी बदलत आली आहे. पूर्वी ती निर्धनांसाठी ८५ हजार रुपये आणि दुर्बल घटकांसाठी १ लाख ६० हजार रुपये होती. पुढे ती अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये अशी वाढविण्यात आली. पुराव्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका यांसारखा कागद लागतो. राज्यात चारशेहून अधिक धर्मादाय रुग्णालये आहेत आणि त्यांतील काही अत्यंत नामांकित आहेत. काचेचे दार पाहूनच अनेकजण आत जात नाहीत, परंतु ते दार धर्मादाय रुग्णालयाचे असू शकते.

याखेरीज ज्या विश्वस्तव्यवस्था स्वतः रुग्णालय चालवीत नाहीत, त्यांचे निधी आहेत. प्रभादेवी येथील श्री सिद्धिविनायक मंदिराची विश्वस्तव्यवस्था १९८० च्या स्वतंत्र अधिनियमान्वये चालते. भाविकांनी वाहिलेल्या पैशातून ती गरजू रुग्णांना अर्थसाहाय्य करते. अनेक उद्योगसमूहांच्या व कुटुंबांच्या विश्वस्तव्यवस्थाही असेच साहाय्य करतात. त्यांची रीत बहुधा सारखीच असते. डॉक्टरांचे पत्र, उपचाराच्या खर्चाचे अंदाजपत्रक, शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला यांसह अर्ज करावा लागतो आणि मंजूर झालेला धनादेश रुग्णाच्या नावे न निघता रुग्णालयाच्या नावे निघतो. एकच निधी सर्व खर्च भागवीत नाही. थोडे येथून, थोडे तेथून असे जुळवावे लागते. म्हणून अर्ज उपचारापूर्वी करणे महत्त्वाचे असते. देयक भरून झाल्यावर ती रक्कम परत मिळावी म्हणून केलेल्या अर्जाचा बहुतेक ठिकाणी विचार होत नाही. महात्मा जोतिराव फुले यांच्या नावे चालणारी शासनाची जनआरोग्य योजना आणि मुख्यमंत्री साहाय्यता निधी हे मार्गही याच वेळी तपासून पाहावयाचे असतात.

अडते कोठे

इतकी तरतूद असूनही पदपथावरील ती माणसे तेथे का बसलेली असतात? पहिले कारण अज्ञान हे आहे. धर्मादाय रुग्णालय हे नाव त्यांनी ऐकलेले नसते. दुसरे कारण कागदाचे आहे. उत्पन्नाचा दाखला गावाकडच्या तहसील कार्यालयातून मिळतो आणि रुग्ण तर मुंबईत खाटेवर असतो. एका दाखल्यासाठी नातेवाइकाला परत गावी जावे लागते. तो परत येईपर्यंत देयक वाढत जाते किंवा खाट दुसऱ्यास दिली जाते. तिसरे कारण संकोचाचे. कष्टाने पोट भरणारा माणूस ‘निर्धन’ या शब्दापाशी थबकतो. कर्ज काढणे त्याला मानाचे वाटते, साहाय्य मागणे कमीपणाचे वाटते.

चौथे कारण संस्थांच्या बाजूचे आहे. राखीव खाटा रिकाम्या असूनही रुग्णास परत पाठविले गेल्याच्या तक्रारी येतात. काही ठिकाणी निधीची रक्कम शिल्लक पडून राहते, तर जेथे गरीब रुग्णांची रीघ असते अशा ठिकाणी ती अपुरी पडते. दुसऱ्या बाजूने, ऐपत असलेल्या माणसांनी खोटा दाखला मिळवून सवलत लाटल्याचेही आढळते. अशा प्रत्येक खोट्या दाखल्याने एका खऱ्या निर्धनाची खाट अडते, हे दाखला देणाऱ्याने व मागणाऱ्याने दोघांनीही ध्यानात ठेवले पाहिजे.

गावाच्या हाती असलेला उपाय

यांपैकी बऱ्याच अडचणींचे मूळ शहरात दिसत असले, तरी त्यांचा उपाय गावात करता येण्यासारखा आहे. तलाठी व तहसील कार्यालयाने आजारपणाच्या कारणासाठी आलेला उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज इतर अर्जांच्या गठ्ठ्यात न ठेवता त्याच दिवशी निकालात काढला, तर एका कुटुंबाचे कितीतरी हजार रुपये वाचतात. या कामास स्वतंत्र खर्च नाही की नवी योजना नको. केवळ कागदावरच्या ‘वैद्यकीय कारणासाठी’ या शब्दांकडे लक्ष जावयास हवे.

ग्रामपंचायतीने आपल्या फलकावर चार ओळी कायम लिहून ठेवाव्यात: जिल्ह्यातील धर्मादाय रुग्णालयांची नावे, उत्पन्नाची चालू मर्यादा, लागणारे कागद आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयाचा पत्ता. रुग्ण मोठ्या शहरी निघाला की, तेथे पोहोचल्यावर प्रथम वैद्यकीय समाजसेवकास भेटावे, एवढे एक वाक्य सदस्याने त्यास सांगावे. रुग्णालयाच्या प्रचंड इमारतीत कोणत्या खिडकीशी जावे हे न कळल्याने जे दिवस वाया जातात, ते या एका वाक्याने वाचू शकतील. राखीव खाट नाकारली गेली तर धर्मादाय आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते, हेही त्यास ठाऊक असावे.

शिक्षकांचे काम अधिक नाजूक आहे. घरात मोठे आजारपण आले की, त्याची पहिली खूण शाळेच्या हजेरीपटावर उमटते. मूल गैरहजर राहू लागते, थोरली मुलगी शाळा सोडून घर सांभाळते. अशा घरी जाऊन चौकशी करणारा शिक्षक त्या कुटुंबास अर्ज लिहून देऊ शकतो, कागदांच्या प्रती क्रमाने लावून देऊ शकतो आणि ‘निर्धन’ या शब्दामागील संकोच दूर करू शकतो. हा वाटा कायद्याने राखून ठेवलेला आहे, तो घेण्यात लाज नाही, हे शिक्षकाच्या तोंडून ऐकले म्हणजे ते पटते.

गावेही स्वतःचा लहानसा निधी उभारू शकतात. मोठ्या निधीतून शस्त्रक्रिया होते, परंतु मुंबईस जाण्याचे गाडीभाडे, पहिल्या चार दिवसांचे जेवण आणि दाखल्यासाठी मारावयाच्या फेऱ्या यांसाठी हजार-दोन हजार रुपयेही वेळेवर मिळत नाहीत. पीक निघाल्यावर घरटी थोडी रक्कम किंवा धान्य बाजूला काढण्याची प्रथा जत्रेसाठी व सप्ताहासाठी पुष्कळ गावांत आहे. त्याच प्रथेत आजाऱ्यासाठी एक वाटा घातला, त्याचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखविला आणि कोणास दिले याचा गवगवा केला नाही, तर त्या निधीवर लोकांचा विश्वास बसतो. निधी लहान असला तरी चालेल. त्याचा हिशेब मात्र स्वच्छ हवा.

मुंबईतील दात्यांनी इमारती दिल्या, विश्वस्तांनी निधी सांभाळला, कायद्याने त्यास बंधन घातले आणि न्यायालयाने त्याचे प्रमाण ठरवून दिले. या दीर्घ साखळीतील अखेरचा दुवा गावात आहे. तो दुवा म्हणजे वेळेवर मिळालेला एक दाखला, योग्य ठिकाणी पाठविलेला एक अर्ज आणि रुग्णाबरोबर गेलेला एक माहीतगार माणूस. तो जेथे जुळेल तेथे परळच्या पदपथावरील एक वळकटी कमी होईल आणि गावाकडे जमिनीचा एक तुकडा विकला जाण्यापासून वाचेल.